बुरसलेल्या भाकरीची साक्ष

(मंडळीतील अभ्यासवर्ग व रविवार शाळेच्या वरच्या वर्गांसाठी पाठ)

शास्त्रभाग : यहोशवा ९:३-२७

पाठाचा उद्देश : नव्या यंत्रांच्या काळात माणसाची फसवणूक कशी होते हे समजून घेणे, आणि फसलेल्या माणसाशी मंडळीने कसे वागावे ह्याचा विचार करणे.

प्रस्तावना

घरात नवे यंत्र आले की आपल्या लोकांच्या तोंडून साधारणतः दोनपैकी एक उद्गार निघतो. वडीलधारी माणसे म्हणतात, "हे आपल्याला झेपायचे नाही." तरुण म्हणतात, "सारे जग वापरते, मग आपल्यालाच काय होणार आहे?" रेडिओ आला, टेलिफोन आला, दूरचित्रवाणी आली, त्या त्या वेळी हेच दोन उद्गार ऐकू आले असतील. आता मोबाइल फोनच्या वेळीही तेच चालले आहे.

फरक एवढाच की पूर्वी पहिला उद्गार काढून माणूस बाजूला बसू शकत असे. आता तशी सोय फारशी राहिलेली नाही. २०१६ साली यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची पद्धत देशात सुरू झाली, आणि आज उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये भाजीच्या गाडीवरसुद्धा ठिपक्याठिपक्यांचा तो चौकोनी कागद लावलेला दिसतो. पेन्शन, गॅसची टाकी, रेल्वेचे तिकीट, मुलांची फी ही सगळी कामे फोनवर आली आहेत. म्हणजे न झेपणारी वस्तूही हातात घ्यावीच लागते.

ह्या दोन उद्गारांखेरीज एक तिसरा उद्गार आहे. कोणी फसला असे कळले की आपण म्हणतो, "एवढा शिकलेला माणूस, फसला तरी कसा?" हा उद्गार सहज निघतो, पण आमच्या मते तिघांत तो सर्वांत घातक आहे. तो का, हे ह्या पाठात आपण पाहू.

१. उज्जैनचे घड्याळ

आम्ही राहतो त्या उज्जैन शहरात क्षिप्रा नदीजवळ एक जुनी वेधशाळा आहे. जयपूरचे सवाई जयसिंह ह्यांनी ती अठराव्या शतकात बांधली. पुढे ती मोडकळीस आली, तेव्हा १९२३ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे ह्यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. गोविंद सदाशिव आपटे ह्या मराठी ज्योतिर्गणितज्ञांनी तिचे अधीक्षक म्हणून काम पाहिले. तेथील यंत्रे दगडाविटांची आहेत. सावली कोठे पडली ते पाहून वेळ सांगायची. त्या यंत्रांची फार तर मोडतोड होईल, पण दूर देशी बसून त्यांना कोणी हात लावू शकत नाही.

ह्याच वेधशाळेच्या आवारात ८५ फूट उंचीचा मनोरा उभारून त्यावर एक नवे घड्याळ बसवण्यात आले. त्याला विक्रमादित्य वैदिक घड्याळ असे नाव आहे. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या काळाचे ते ३० भाग करते. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हे घड्याळ संगणकाच्या जाळ्याला जोडलेले असून त्याचे मोबाइलसाठी अॅपही निघाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च महिन्यात, त्याच्या संगणकव्यवस्थेवर सायबर हल्ला झाल्याची बातमी आली.

बातमीत सांगितलेला प्रकार समजण्यास कठीण नाही. तिकिटाच्या खिडकीपुढे तिकीट न घेणारी हजारो माणसे एकदम उभी केली, तर ज्याला खरोखर प्रवास करायचा आहे त्याला खिडकीपर्यंत पोहोचता येत नाही. तसेच असंख्य संगणकांकडून एकाच वेळी खोट्या मागण्या पाठवल्या की खरी मागणी मागे पडते. ह्यात कुलूप फोडावे लागत नाही, फक्त दार अडवले जाते.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जी वस्तू जाळ्याला जोडली ती साऱ्या जगाच्या वाटेवर येऊन बसली. तिच्या चांगुलपणाचा किंवा आपल्या भावनेचा त्याच्याशी संबंध नाही. पण यंत्रावर झालेला हल्ला जाणकार लोक निस्तरतात. दुसरा एक हल्ला आहे, तो आपल्या घरात, दुपारच्या वेळी, एकट्या बसलेल्या माणसावर होतो. तो यंत्रावर नसून मनावर असतो, आणि त्याचा विचार करण्यासाठी आपल्याला गिलगालच्या छावणीत जावे लागेल.

२. गिबोनी लोकांची युक्ती

इस्राएल लोकांनी यरीहो व आय ही नगरे घेतली हे गिबोनच्या रहिवाशांनी ऐकले. आता आपली पाळी येणार हे त्यांनी ओळखले. त्यांनी जुनी गोणपाटे गाढवांवर घातली, फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले घेतले, ठिगळे लावलेली पायतणे व जुने कपडे घातले, आणि शिदोरीला वाळलेली, बुरसलेली भाकर घेतली. यहोशवाजवळ येऊन ते म्हणाले की आम्ही फार दूर देशाहून आलो आहोत, आमच्याशी करार करा. खरे तर ते शेजारीच राहत होते.

येथे आपण नेहमी असे शिकवतो की इस्राएल लोक भोळे होते. पण शास्त्रभाग काळजीपूर्वक वाचला तर तसे दिसत नाही. सातव्या वचनात त्यांना शंका आली आहे. तुम्ही आमच्या जवळपासचेच असाल, असे ते बोलून दाखवतात. यहोशवाने तर सरळ विचारले की तुम्ही कोण आणि कोठून आलात. शिवाय चौदाव्या वचनात त्यांनी शिदोरी हाती घेतल्याचे सांगितले आहे. म्हणजे शंका आली, प्रश्न विचारला आणि तपासणीही केली. तरी ते फसले. का बरे?

कारण त्यांनी तपासले ते फसवणाऱ्यांच्याच गोणीतून निघाले होते. भाकर खरोखर बुरसलेली होती आणि पायतणे खरोखर झिजलेली होती. पुरावा डोळ्यांना खरा दिसत होता, पण तो आणणारा खोटा होता. इतर कोठून काही विचारपूस करण्याचे मात्र राहून गेले. त्यांनी परमेश्वराचा सल्ला घेतला नाही, असे चौदावे वचन सांगते. समोरच्याच्या पुराव्यावर समोरच्याचीच परीक्षा केली, ही त्यांची चूक.

(शिक्षकांनी येथे मुलांना सांगावे की गिबोनी लोक जिवाच्या भीतीने असे वागले. त्यांना आजच्या लुटारूंच्या पंक्तीला बसवू नये. आपण फक्त त्यांच्या युक्तीचा अभ्यास करीत आहोत.)

३. आजची बुरसलेली भाकर

२०२५ सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत ग्वाल्हेर येथील रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवांना एक फोन आला. बोलणाऱ्याने नाशिकच्या पोलिसांचे नाव सांगितले आणि पैशांच्या गैरव्यवहारात तुमचे नाव आले आहे असे बजावले. पुढे २६ दिवस त्यांना फोनवरील चित्रसंभाषणाच्या पहाऱ्यात ठेवण्यात आले आणि सुमारे २ कोटी ५२ लाख रुपये निरनिराळ्या खात्यांत भरावयास लावले. ह्या प्रकाराला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. असा काही प्रकार आपल्या कायद्यात नाही. कोणताही पोलीस अधिकारी, न्यायाधीश किंवा सरकारी खाते फोनवरून अटक करीत नाही आणि तपासणीसाठी पैसे भरावयास सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून हे देशाला सांगितले होते. तरीही त्यानंतर पाच महिन्यांनी ही घटना घडली.

अशा फोनवर काय काय दिसते ते पाहा. खाकी गणवेश दिसतो. पाठीमागे पोलीस ठाण्यासारखी खोली दिसते. आपले नाव, पत्ता, आधार क्रमांक बोलणाऱ्याला ठाऊक असतो. शिक्क्याचे, सहीचे वॉरंट व्हॉट्सअॅपवर येते. माणूस ते तपासतो, आणि सर्व काही जुळते. पण हे सगळे कोणाच्या गोणीतून निघाले? समोरच्याच्याच.

हीच भाकर निरनिराळ्या रूपांत येते :

(अ) हयातीचा दाखला. २०१४ सालापासून पेन्शनधारकांना हा दाखला संगणकाद्वारे देण्याची सोय झाली आहे. सोय चांगली आहे. पण नोव्हेंबर महिना आला की "दाखला राहिला आहे, पेन्शन बंद होईल, फोनवर आलेला आकडा सांगा" असे फोन येतात. तो आकडा, म्हणजे ओटीपी, ही तिजोरीची किल्ली असते.

(ब) लग्नपत्रिका. २०२४ साली हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी लोकांना सावध केले की व्हॉट्सअॅपवर येणारी अनोळखी लग्नपत्रिका प्रत्यक्षात एपीके नावाची फाइल असू शकते. ती उघडून बसवू दिली तर फोनच दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो. पत्रिका वाचण्यासाठी काही बसवावे लागत नाही, हे लक्षात ठेवावे.

(क) पैसे मिळण्याचे आमिष. "तुम्हाला पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका." यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे.

(ड) ओळखीचा आवाज. आंधळ्या इसहाकाला आवाज याकोबाचा आणि हात एसावाचे असे वाटले, आणि त्याने हातांवर विश्वास ठेवला (उत्पत्ति २७). आज उलट आहे. आवाजाचा थोडासा नमुना मिळाला तरी संगणक त्या आवाजाची नक्कल करू शकतो. "आई, मी संकटात आहे, लगेच पैसे पाठव" असा मुलाच्याच आवाजात फोन आला, तर तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावावा.

ह्या सर्व प्रकारांत तीन गोष्टी सारख्या आहेत : भीती किंवा लोभ, घाई, आणि एकटेपणा. "आत्ताच करा" आणि "कोणाला सांगू नका" ही दोन वाक्ये जेथे एकत्र येतात तेथे थांबावे. बोलणाऱ्याला तुमचे पैसे हवे असतात, पण त्यासाठी आधी त्याला तुम्हाला तुमच्या माणसांपासून वेगळे काढावे लागते. २६ दिवसांत एकदा जरी दार उघडून कोणाशी मोकळे बोलणे झाले असते, तरी कदाचित तो खेळ संपला असता.

४. तीन दिवसांचा अवकाश

करार झाल्यावर तीन दिवसांनी इस्राएल लोकांना कळले की हे शेजारीच राहतात. म्हणजे सत्य फार दूर नव्हते. करार तीन दिवस पुढे ढकलला असता, किंवा एखादा माणूस आसपासच्या गावांत पाठवला असता, तर उलगडा झाला असता.

ह्यातून दोन साधे नियम निघतात. पहिला, खरे काम थोडा वेळ थांबू शकते. बँक, वीजमंडळ, पोलीस ह्यांचे खरे काम असेल तर ते उद्याही असेल. दुसरा, खात्री नेहमी दुसऱ्या वाटेने करावी. आलेला फोन ठेवावा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण फोन करावा, अथवा शाखेत जावे. आलेल्या संदेशातील क्रमांकावर फोन करून खात्री केली, तर ती बुरसलेलीच भाकर पुन्हा हातात घेतल्यासारखे होईल.

ह्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही आणि संगणकही यावा लागत नाही. फोन ठेवण्याचे धैर्य मात्र लागते. आपल्या लोकांना समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणे उद्धटपणाचे वाटते. चोराला ही आपली सभ्यता ठाऊक असते. म्हणून मुलांना आणि आजी-आजोबांना स्पष्ट सांगावे की अशा वेळी फोन ठेवणे हे असभ्य नाही.

५. कुरकुर करणारी मंडळी

आता त्या तिसऱ्या उद्गाराकडे वळू. करार उघडकीस आल्यावर सगळ्या मंडळीने सरदारांविरुद्ध कुरकुर केली, असे अठराव्या वचनात आहे. हे स्वाभाविक आहे. फसवणूक कळली की पहिली बोट फसवणाऱ्याकडे जात नाही, फसलेल्याकडे जाते.

पण सरदारांनी काय केले? त्यांनी झालेली गोष्ट लपवली नाही. सर्वांसमोर ती कबूल केली आणि आता पुढे काय करायचे ते ठरवले. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. इस्राएल लोकांनी आपली ही फजिती लिहून ठेवली, पिढ्यान्‌पिढ्या वाचली, आणि म्हणूनच ती आज आपल्या हाती आहे. लाज वाटून त्यांनी हा अध्याय गाळला असता तर आपण शिकलो कशावरून असतो?

आपल्याकडे नेमके उलटे होते. एखाद्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या खात्यातून पैसे गेले असे समजा. त्या कोणाला सांगतील? मुलगा म्हणेल, "आता फोनला हात लावू नका." शेजारी म्हणतील, "तुम्ही तर शिकलेल्या!" उपासनेनंतर आवारात कुजबूज होईल. हे सर्व त्यांना आधीच दिसत असते, म्हणून त्या गप्प राहतात. ह्या गप्प राहण्याची किंमत दुहेरी असते. एक तर तक्रार उशिरा होते आणि परत मिळू शकणारे पैसेही हातचे जातात. दुसरे म्हणजे तोच चोर त्याच गल्लीत पुढचे दार ठोठावतो आणि त्या घरी कोणी सावध नसते. "फसला तरी कसा?" हा उद्गार चोराच्याच कामी येतो, असे आम्ही म्हणतो ते ह्यामुळे.

म्हणून कोणी सांगावयास आले तर मंडळीचे पहिले वाक्य ठरलेले असावे : "बरे झाले लगेच सांगितलेत." हिशेब, चौकशी, उपदेश हे सगळे नंतर. वडील माणसाच्या हातून फोन काढून घेऊ नये. त्याने पुढच्या वेळी तो लपवून वापरील, आणि लपवून वापरणाऱ्यालाच चोर शोधत असतो. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून कोणाचे नाव घेऊ नये. पण युक्ती कोणती वापरली गेली हे, त्या व्यक्तीच्या संमतीने, सर्वांना अवश्य सांगावे.

६. आपल्या हातची किल्ली

शेवटी एक कठीण गोष्ट. वर सांगितलेल्या ग्वाल्हेरच्या प्रकरणात पैशांचा माग काढीत पोलीस आमच्याच उज्जैन जिल्ह्यातील नागदा येथे पोहोचले आणि तेथून काही जणांना अटक झाली. म्हणजे दूरचा चोर आपल्या शेजारच्या खात्यांवाचून पंगू असतो. "तुझे खाते वापरू दे, थोडे कमिशन देतो" असे तरुणांना सांगितले जाते. खाते भाड्याने देणे हे चोरीचा माल घरात ठेवण्यासारखेच आहे, आणि पोलीस प्रथम ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्या दारी येतात. तरुण संघात हा विषय आडपडदा न ठेवता काढावा.

तसेच मार्च २०२३ मध्ये उज्जैनच्या भैरवगड मध्यवर्ती कारागृहातील कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून कोट्यवधी रुपये परस्पर काढले गेल्याचे उघडकीस आले आणि कारागृहातल्याच लोकांना अटक झाली. उंच भिंती आणि पहारेकरी असलेल्या जागी हे घडले. घामाचा पैसा भिंतींनी सुरक्षित राहत नाही, तो कोणाच्या हाती कोणती किल्ली आहे ह्यावर अवलंबून असतो. आपल्या मंडळीच्या खात्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? ओटीपी एकाच्या फोनवर येतो आणि तो दुसऱ्याला तोंडी सांगितला जातो काय? खजिनदार बदलल्यावर बँकेतला क्रमांक बदलला काय? हे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट प्रामाणिक खजिनदाराला त्याने संरक्षणच मिळते.

फसवणूक झाल्यास

(१) १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवले जातात. जितक्या लवकर कळवू तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता अधिक.
(२) त्याच वेळी बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत लवकर कळवण्याला फार महत्त्व दिले होते. ग्राहकाची वा बँकेची चूक नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड पडू नये असे त्यात होते. पण त्याने स्वतःच किल्ली दुसऱ्याला दिली असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याच्याच माथी.
(३) संदेश, क्रमांक, पावत्या पुसून टाकू नयेत. लाज वाटून पुसलेला संदेश हा गेलेला पुरावा असतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. इस्राएल लोकांना शंका आली असूनही ते का फसले?
२. दूर राहिलेल्या नातेवाइकाचा घाईचा फोन आला, तर आपल्या घरी दुसऱ्या वाटेने खात्री कशी कराल?
३. गेल्या वर्षभरात कोणी फसल्याचे ऐकल्यावर आपण पहिले वाक्य कोणते बोललो? त्याचा त्या व्यक्तीवर काय परिणाम झाला असेल?
४. आपल्या मंडळीत अशा वेळी कोणाकडे जावे हे सर्वांना ठाऊक आहे काय?

शिक्षकांसाठी सूचना

लहान वर्गात ही गोष्ट नाट्यरूपाने करावी. एका मुलाने गोणी घेऊन यावे आणि इतरांनी त्याला प्रश्न विचारावेत. काही वेळाने थांबून विचारावे, "आता ह्याच्या गोणीबाहेरचा पुरावा कोठे मिळेल?" मुले स्वतःच उत्तरे शोधतील. मोठ्या वर्गातील मुलांनी पुढील रविवारपर्यंत आपापल्या घरातील आजी-आजोबांच्या फोनमध्ये बँकेचा खरा क्रमांक आणि १९३० हा क्रमांक नोंदवून द्यावा, आणि त्यांना एवढेच सांगावे : "काहीही झाले तरी आधी आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही." हे शेवटचे वचन मात्र मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी खरोखर पाळले पाहिजे.